फ्लाय कास्टिंग: लाइन पुढे जातच नाही, समोर ढीग पडतो

हायवे_८८०

नमस्कार मंडळी. मी मूळचा पुण्याचा, सध्या फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. लहानपणी सुट्टीत मामाकडे राजापूरला खाडीवर गळ टाकून बसायचो. इथे आल्यावर स्पिनिंग रॉडने तळ्यांवर थोडीफार मासेमारी केली. ऑफिसातला एक जण फ्लाय फिशिंगवाला आहे (फ्लाय म्हणजे गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेला नकली किडा), त्याच्या नादाने यंदा मीही सामान घेतलं. नऊ फुटी ५ वेट रॉड (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर), रीळ, वेट-फॉरवर्ड फ्लोटिंग (पुढे जड, पाण्यावर तरंगणारी) लाइन, आणि तिच्या टोकाला जोडायचा बारीक दोरा, म्हणजे नऊ फुटी ५एक्स लीडर (एक्सचा आकडा मोठा तसा दोरा बारीक). सगळं एकाच पेटीत मिळणारा स्वस्तातला सेट आहे.

नदीवर अजून गेलेलो नाही. घराजवळच्या पार्कात हिरवळीवर सराव चालू आहे आणि तिथेच घोडं अडलंय.

पुढे फेकल्यावर लाइन उलगडतच नाही. समोर दहा-बारा फुटांवर ढीग होऊन पडते. अधूनमधून मागे 'फट्ट' असा आवाज होतो, आणि मग बघावं तर लीडरच्या टोकाला फ्लाय गायब. कधी फ्लाय मागच्या गवतात अडकते. लीडरला आपोआप गाठी पडतात, त्या सोडवताना डोळे जातात. जोर लावून पाहिला तर प्रकरण आणखी बिघडतं. खांदा आणि मनगट दोन्ही दुखतात. (कॉलेजात बॅडमिंटन खेळायचो, त्यामुळे मनगट कच्चं आहे असं म्हणता येणार नाही.)

मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गोल्डन गेट पार्कात गेलो होतो. तिथे बायसनच्या कुंपणासमोरच्या बाजूला झाडीत फक्त कास्टिंगसाठी बांधलेले सिमेंटचे हौद आहेत. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा हात हलला न हलला असं करून पाण्यात तरंगणाऱ्या रिंगणात अलगद फ्लाय टाकत होते. घाम नाही, धाप नाही. बघून आनंद झाला आणि जीवही जळला.

तर विचारायचं असं: रॉड बदलू का? शिकवणी लावावी का व्हिडिओ पुरेत? आणि रॉड घड्याळाच्या काट्यासारखा १० आणि २ च्या मधेच हलवायचा, हा जो नियम सगळे सांगतात तो कितपत धरायचा?


बापट_डेन्व्हर

रॉडला काहीही झालेलं नाही, पैसे वाचवा. मनगट लाकडासारखं ताठ ठेवा, १० ते २ च्या बाहेर जाऊ नका, संपला विषय. व्हिडिओ ढिगाने आहेत, शिकवणीची गरज नाही. आणि जमलं तर लगेच डबल हॉल (फेकताना डाव्या हाताने लाइन खेचणं) शिकून घ्या, लाइन आपोआप लांब जायला लागेल. मी तसाच शिकलो.


पेडणेकर_मालवण

माका येक सांगा, इतक्या सगळ्या करून मासो गावलो तर तो खातंत की परत पाण्यात सोडतंत?


महाडची_काकू

बापटांचं पहिलं वाक्य पटलं. बाकीचं नाही, त्याकडे येतेच.

माहेर महाड, आता बरीच वर्षं डेव्हिसला. नवरा गोल्फ खेळतो, मी पुटा क्रीकवर जाते, विंटर्स गावाच्या वरच्या अंगाला, माँटिसेलो धरणाच्या खाली. शिकले एका प्रमाणपत्रवाल्या शिक्षकाकडे. हल्ली इथल्या नवख्या मंडळींना मीच हिरवळीवर उभं करते. पैसे घेत नाही, त्यामुळे बोलते मात्र पोटभर.

हायवे, तू वयाने लहान असशील असं धरून अरे-तुरे करते. तू स्पिनिंगवरून आलास, सगळी गोम तिथे आहे. स्पिनिंगमध्ये टोकाला वजन असतं, ते उडतं आणि दोरी मागून फरफटत नेतं. फ्लायला वजन कसलं? चार पिसं आणि दोरा. इथे फेकायची असते ती लाइन. तुझ्या ५ वेट लाइनचे पहिले तीस फूट १४० ग्रेन भरतात, म्हणजे जेमतेम नऊ ग्रॅम, आणि तेही तीस फुटांत पसरलेले. रॉडबाहेर आठ-दहा फूटच लाइन असेल तर रॉडला वाकायला कारणच नाही. ढीग दहा-बारा फुटांवर पडतो म्हणतोस, त्यावरून मला वाटतं तू अगदी थोडी लाइन काढून तिला मारमारून पुढे पाठवू बघतोस. तसं नको. रीळावरून लाइन ओढ आणि चालत जाऊन रॉडच्या टोकापुढे पंचवीस-तीस फूट सरळ पसरून ये. मग रॉड उचल.

आता जोराचं. रॉड चालतोय तोवर लाइन नुसती टोकामागून ओढली जाते. टोक थांबलं की मग लाइन त्याच्यावरून पुढे धावते आणि लूप, म्हणजे लाइनचं पुढे धावणारं वळण, तयार होतो. म्हणजे फेक होते ती थांबण्याने. सुरुवात सावकाश, मग वेग वाढवत न्यायचा, आणि खटकन थांबायचं. नवशिके बरोबर उलट करतात. आरंभालाच दणका, आणि शेवटी हात लोंबत लोंबत पार मांडीपर्यंत खाली. तुझं बॅडमिंटन इथे नडतंय. स्मॅशमध्ये फटका शेवटपर्यंत खाली न्यावा लागतो, हात तेच शिकलाय. इथे पुढे थांबायचं ते रॉड अजून वर, तिरका असतानाच. लाइन उलगडून खाली पडायला लागली की तिच्याबरोबर टोक खाली आण, त्याआधी नाही.

ताकद लागत असती तर जोन वुल्फ १९५१ मध्ये सगळ्या पुरुषांविरुद्ध लांब फेकीची स्पर्धा जिंकल्या नसत्या. या बाईंनी पुढे १९७९ मध्ये नवऱ्याबरोबर न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरांत कास्टिंगची शाळा काढली. थांबण्याआधीचा तो शेवटचा छोटा झटका असतो ना, त्याला पॉवर स्नॅप हे नाव त्यांचंच.

मागचा 'फट्ट'. पोतराजाचा आसूड का वाजतो? दोरी एका बाजूला पुरती जायच्या आत तो तिला उलटी खेचतो, टोक वाटेतच गर्रकन फिरतं आणि त्याचा वेग इतका होतो की आवाज फुटतो. तू नेमकं तेच करतोस. पोतराजाला आवाज हवा असतो, तुला फ्लाय टोकाला राहायला हवी आहे. म्हणून मागे थांबल्यावर लाइन सरळ होऊ दे आणि मगच पुढे ये. किती थांबायचं? लाइन जेवढी लांब तेवढं जास्त. एक-दोन-तीन असं मोजून जमत नाही, कारण लाइन वाढली की आकडा बदलतो. सरळ मान वळवून मागे बघ. उजवा हात असेल तर उजवा पाय मागे घे, अंग जरा तिरकं कर, म्हणजे मान अवघडणार नाही. मागे बघायची लोकांना कोण लाज वाटते, मला तर कळतच नाही. सगळं बिघडतं मागे आणि सगळे बघतात पुढे.

फ्लाय मागच्या गवतात अडकते त्याची कारणं दोन. एक, फारच वेळ थांबलास. तुझ्या बाबतीत ते अवघड दिसतं. दुसरं, मनगट मागे मोडतं, रॉडचं टोक पाठीमागे खाली जातं, आणि टोक जिथे बघतं तिथे लाइन जाते. यावर जुना उपाय: पूर्ण बाह्यांचा सदरा घाल आणि रॉडचं बूड, म्हणजे रीळाच्या मागचा तो इंचभर भाग, बाहीच्या कफात खोचून ठेव. मनगट मोडलं की कफ ताणला जाऊन लगेच कळतं. टीशर्टवाल्यांना मी मनगटाशी पायजम्याची नाडी बांधायला लावते, तीही चालते. पण बापट, लाकडासारखं ताठ नाही हं. थांबताना मनगटाची किंचित हालचाल लागतेच. लाकूड करून टाकलं की खांद्यातून सगळा हात फिरायला लागतो आणि मग खांदा दुखतो. कोपर बरगडीपाशी, अंगठा मुठीवर वरच्या बाजूला, आणि पकड एवढीच की रॉड निसटू नये. थांबायच्या क्षणी मूठ आवळायची, लगेच सैल.

१० आणि २. हा नियम सांगायला सोपा आहे म्हणून टिकलाय. लाइन थोडी असेल तर १० ते २ सुद्धा जास्त होतं. लाइन वाढली की कमी पडतं. बघायचं असतं ते हे की रॉडचं टोक हवेत सरळ रेषेत जातंय का. रॉड वाकतो म्हणूनच हे शक्य होतं. ताठ बांबू असता तर टोक कमानीतच फिरलं असतं. टोक वर चढून कमानीत फिरलं तर लूप भोपळा होतो आणि लाइन हवेतच दम सोडते. तुझा ढीग यातलाच. उलट टोक मध्ये खाली दबून परत वर आलं तर लूपची वरची बाजू खालच्या बाजूला ओलांडते आणि लीडरला गाठ बसते. तिला सगळे वाऱ्याची गाठ म्हणतात, वारा बिचारा फुकट बदनाम. ही होते सुरुवातीच्या हिसक्याने, किंवा मागे वाट बघताना हात नकळत पुढे सरकतो त्याने. हात सरकला की पुढच्या फेकीला जागाच उरत नाही, मग माणूस तेवढ्याशा जागेत हिसका देतो. ५एक्सचं टिपेट, म्हणजे लीडरचं शेवटचं बारीक टोक, असतं ०.१५ मिलिमीटर. त्यात तशी गाठ राहिली तर मासा नेमका तिथे तोडून जातो. सोडवत बसू नकोस, तेवढा तुकडा काप आणि नवा बांध.

आता मी सगळ्यांना पहिल्यांदा करायला लावते ते सांगते, याच्याशिवाय मी कुणाला रॉड उभा धरू देत नाही.

गळ काढून टाक. लीडरच्या टोकाला लोकरीचा लाल किंवा केशरी तुकडा बांध, नखाएवढा. गॉगल आणि टोपी मात्र लोकर असली तरी घाल, सवय लागू दे. मोकळ्या हिरवळीवर उभा राहा आणि रॉड आडवा धर, मूठ कमरेच्या उंचीवर, टोक गवताकडे किंचित झुकलेलं. लाइन तुझ्या डाव्या अंगाला सरळ पसरलेली. आता टोक गवताच्या अगदी जवळ आहे ना ते बघ आणि सावकाश उजवीकडे ने, वेग वाढव, थांब. लाइन उजवीकडे उलगडेल आणि गवतावर पडेल. पडू दे. परत ओढायची घाई करू नकोस, रॉड आहे तिथे धरून ठेव आणि पडलेल्या लाइनकडे बघ. सगळं तिथे लिहिलेलं असतं. लोकर पार टोकाला, लाइन सरळ, तर झकास. लाइन सरळ पण लीडर गोळा झालेला, तर थांबणं मऊ पडलं. अख्खी लाइन रुंद कमान करून पडली, तर टोक कमानीत फिरलं. बघून झालं की आता तिथून डावीकडे. परत पडू दे. परत बघ.

यात मान वळवायला लागत नाही, दोन्ही बाजूंचे लूप डोळ्यांसमोरून जातात. आणि लाइन प्रत्येक वेळी खाली पडत असल्यामुळे वेळ साधायची कटकटच नाही, थांबणं तेवढं शिकायचं. दोन्ही बाजू सारख्या यायला लागल्या की मग न पाडता सलग कर. ते जमलं की रॉड थोडा थोडा वर उचलत उभा कर. हात तोच, फक्त पातळी बदलते. ज्यांना घाई असते ते हे टाळून थेट उभ्या रॉडवर जातात आणि महिनाभराने परत माझ्याकडे आडवे होतात.

उभ्या रॉडने सुरू करतानाही टोक गवताला टेकेल इतकं खाली हवं आणि टोकापासून पुढे लाइन तंग. टोक कमरेवर धरून सुरुवात केली तर अर्धी हालचाल लोंबणारी लाइन गोळा करण्यातच जाते, मागच्या फेकीला काही उरत नाही, आणि मागची फेक मेली की पुढची मेलीच. हवेत पाच-पाच वेळा मागेपुढे घुमवत बसू नकोस. चित्रात छान दिसतं. उचल, मागे, थांब, पुढे, खाली. बस. फ्लाय पाण्यात असते तेव्हाच मासा घेतो.

डबल हॉल, म्हणजे डाव्या हाताने लाइन खेचून वेग वाढवणं, हे समुद्रावर आणि वाऱ्यात फार कामाचं. पण इतक्यात नको. चुकलेल्या फेकीला वेग दिला की चूक लांब जाते, इतकंच. पुटा क्रीकवर माझे बहुतेक मासे वीस-पंचवीस फुटांच्या आतले आहेत.

रॉड बदलू नकोस. पैसे खुपतच असतील तर पुढेमागे लाइन चांगली घे. स्वस्त सेटमधल्या लाइनला बहुधा रीळाची वेटोळी बसलेली असतात. सुरू करण्याआधी दोन्ही हातांत धरून वाव वाव ताणून घे. झाल्यावर कोमट साबणपाण्याच्या फडक्याने पूस, पार्कातली माती तिला खाते. सिमेंटवर किंवा डांबरावर तर मुळीच सराव करू नको.

शिकवणी एक-दोन तास जरूर लाव. व्हिडिओ तुला दुसऱ्याचा हात दाखवतो, तुझा नाही. फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल ही संस्था १९९२ पासून परीक्षा घेऊन कास्टिंगच्या शिक्षकांना प्रमाणपत्र देते, त्यातला जवळचा कुणीतरी शोध. आणि गोल्डन गेटच्या त्या हौदांवर जा की परत! तो क्लब १९३३ चा, हौद आणि लॉज १९३८ च्या सुमाराला मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून बांधलेत. तिथले आजोबा शिकवायला टपून बसलेले असतात, फक्त विचारायचा अवकाश. कामं चालू असतात कधीकधी, तेवढं बघून जा.

पेडणेकर भाऊ, पुटा क्रीकच्या त्या पट्ट्यात एकही मासा घरी न्यायला परवानगी नाही. आमिष कृत्रिमच हवं, गळाला उलटा काटा नको. आमच्या महाडकडे वाळण कोंडीतले मासे देवीचे म्हणून कुणी हात लावत नाही, इथले सरकारचे म्हणून सोडते. जेवायला सुरमई आणते दुकानातून, फ्रोझन का होईना.


पेडणेकर_मालवण

फ्रोझन सुरमई! काकू, तुमका दंडवत.


बापट_डेन्व्हर

काकूंनी धुतलं. मान्य, डबल हॉल घाईचा होता. पण व्हिडिओबद्दल मी माझं म्हणणं सोडत नाही. दुसऱ्याचा नाही, स्वतःचा काढा. फोन तिकाटण्यावर, बाजूने, कमरेच्या उंचीवर, मागचा लूप चौकटीत येईल इतका लांब. स्लो मोशनमध्ये बघितलं की हात पुढे सरकतो तो कसा लाजिरवाणा दिसतो ते कळतं.


तीर्थन_वारी

काकूंच्या उत्तरात एक गोष्ट राहिली, रोल कास्ट. मी पुण्यात राहतो, मासेमारीसाठी हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जातो. ब्राउन ट्राउट, इंग्रजांनी आणून सोडलेले. नदी अरुंद, मोठमोठे धोंडे, आणि पाठीशी लगेच चढ नाहीतर झाडं. मागे फेकायला जागाच नसते. तिथे ओव्हरहेड कास्टचं, म्हणजे डोक्यावरून मागेपुढे फेकण्याचं, कौतुक गेस्टहाऊसच्या अंगणापुरतं.

रोल कास्टमध्ये लाइन मागे उडवायची नाही. समोर पाण्यावर पडलेली लाइन सावकाश सरपटवत जवळ आणायची, रॉडचं टोक कानामागे नेऊन थांबायचं. रॉडच्या मागे लाइनची पोटाळी लोंबते, पुढचा भाग अजून पाण्यावरच असतो. ती लोंबून स्थिर झाली की पुढे तसंच सावकाश-वेग-खटकन थांबणं. पाण्याने पुढचा भाग धरून ठेवलेला असतो म्हणून रॉड वाकतो. याच कारणाने हिरवळीवर ही फेक होत नाही, गवत लाइन धरत नाही. करायचीच असेल तर लीडरचं टोक परीक्षेच्या क्लिपबोर्डमध्ये अडकवून तो समोर गवतावर ठेवा. मी सोसायटीच्या बागेत तेच करतो, वॉचमन अजून हसतो.

आणि कुणी भारतात यायचा विचार करत असेल तर हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत ट्राउट बंद असतो. बाकीच्या काळात मत्स्य विभागाचं परमिट घ्यावं लागतं. उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी गढूळ आणि जोरदार, पावसाळ्यात तर विचारू नका. मला विचाराल तर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर.


हायवे_८८०

काकू, बापट, तीर्थन_वारी, सगळ्यांचे आभार. आडव्या रॉडचा प्रयोग केला. लाइन खाली पाडून बघायला लागल्यावर पहिल्यांदा कळलं की माझी डावीकडची फेक ठीक होती आणि उजवीकडची, म्हणजे मागची, पार भुईसपाट. लीडर दर वेळी गोळा होऊन पडत होता. बापटांच्या म्हणण्याप्रमाणे फोनही लावला. हात पुढे सरकतो. लाजिरवाणं हा शब्द सौम्य आहे.

फट्ट आवाज आता क्वचितच. उभ्या रॉडने तीसेक फुटांची लाइन सरळ पडते, दर वेळी नाही, पण पडते. खांदा दुखायचा थांबला.

आता नवी अडचण. डाव्या हाताचं काय करायचं तेच कळत नाही. लाइन धरून ठेवली तर रॉड वर जातो तेव्हा ती मध्ये लोंबते. सोडली तर पुढे जोरात जाण्याऐवजी सगळंच ढिलं पडतं. जास्तीची लाइन पुढे सोडतात ती नेमकी कधी?

आणि काकू, पहिल्यांदा पुटा क्रीकवर येऊ का?


महाडची_काकू

उजवीकडची मेलेली होती हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस ना, झालं तर. आता ती कुणी सांगायला नको.

डावा हात. सध्या तो पुतळा करून खिशापाशी ठेवलेला दिसतोय, किंवा उलट पुढच्या फेकीत रॉडच्या पहिल्या कडीकडे उचलला जातोय. तो वर गेला की तेवढी लाइन ढिली पडते आणि तू जो वेग कमावलास तो ती ढिलाई खाते. दोन्ही हातांमधलं अंतर फेकभर सारखं ठेव. उजवा मागे गेला की डावा त्याच्याबरोबर थोडा मागे-वर, उजवा पुढे आला की डावाही पुढे-खाली, दोघांत काठी बांधल्यागत. आधी लाइन न सोडता असंच कर. लाइन अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत, घट्ट.

मग सोडणं. सगळे लवकर सोडतात. रॉड अजून पुढे चाललेला असतानाच चिमूट उघडली तर रॉडला ओढायला काही राहत नाही आणि सगळं ढासळतं, तू लिहिलंयस तसंच. आधी थांबायचं. लूप टोकावरून पुढे निघालेला दिसला पाहिजे, मग चिमूट उघडायची. लूप बरा असेल तर तोच बाकीची लाइन खेचून नेतो. हात पूर्ण उघडून लाइन टाकून देऊ नकोस. अंगठा-बोटाचा गोल करून त्यातून सरकू दे, म्हणजे हवं तिथे परत चिमटीत धरता येते. सुरुवातीला हातभर लाइन सोड, मग दोन हात. वीस फूट सोडायला जाशील तर ती बुटाच्या लेसमध्ये अडकेल आणि तू म्हणशील फेक चुकली.

पुटा क्रीक पहिल्यांदा नको, अगदी प्रेमाने सांगते. मासे शिकलेले आहेत, दगडांवर शेवाळ आहे, आणि बराचसा वेळ तिथे बारीकशा निम्फ (पाण्याखालच्या अळीसारख्या फ्लाय) इंडिकेटरखाली, म्हणजे तरंगत्या खुणेखाली, सोडून पायाशीच फेकावं लागतं. तू इतकं लूपचं शिकून येशील आणि तिथे त्यातलं फारसं वापरायलाच मिळणार नाही, हिरमुसशील. आधी तळ्यावर ब्लूगिल धर. तळहाताएवढा मासा, पण काठाजवळ असतो आणि छोट्या पॉपरवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायवर, तुटून पडतो. फेक वाकडी पडली तरी त्याला चालतं. उन्हं उतरायला लागली की जा. मागे कोण चालतंय ते बघून फेक, तळ्याकाठी पोरं आणि कुत्री फिरत असतात.

लायसन्स काढलंयस ना? सोळा वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना लागतं. आता ते घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतं, त्यामुळे जानेवारीची वाट बघायचं कारण नाही. हिरवळीवर आणि त्या हौदांवर लागत नाही.

ब्लूगिल झाले की कळव. मग पुटा क्रीकला मी नेईन, पण येताना वेडरचे (पाण्यात उतरायच्या पोशाखाचे) बूट स्वच्छ घासून आणि वाळवून आण. तिथे न्यूझीलंडच्या चिखली गोगलगाई शिरल्या आहेत, त्या आपल्या बुटांवरून एका नदीतून दुसऱ्या नदीत जातात. नदीवरून परतल्यावरही तेच, घासून, वाळवून, आणि शक्य असेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये. फ्रीझरमध्ये सुरमईच्या वरच्या कप्प्यात ठेवायचे नाहीत, हे नवऱ्याने माझ्याकडून कबूल करून घेतलंय.


हायवे_८८०

लायसन्स आहे, स्पिनिंगच्या वेळचं, ऑक्टोबरपर्यंत. पॉपर घेतो. सहा नंबरचे की दहा?


महाडची_काकू

दहा. आकडा मोठा तसा गळ लहान. ब्लूगिलचं तोंड एवढंसं असतं, सहा नंबर नुसता ढोसत बसेल आणि अडकणार नाही. उलटा काटा पक्कडीने दाबून टाक. लीडर साडेसात फुटी लाव, ५एक्स नको, ४एक्स किंवा ३एक्स. पॉपर हवेत जड असतो, बारीक लीडर त्याला उलटवू शकत नाही आणि तू परत मला ढीग पडतो म्हणून लिहिशील.